नाव, स्वरूप आणि नीलकंठशास्त्र्यांचे प्रश्न

उज्जैनच्या सिंदिया ओरिएंटल इन्स्टिट्यूटने १९५१ साली ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ नावाचा संस्कृत ग्रंथ छापला. संपादक होते सदाशिव लक्ष्मीधर कात्रे. ग्रंथ शंभर वर्षांपूर्वीचा, १८४४-४५ च्या सुमारास काशीत लिहिलेला. कर्ते नीलकंठ गोरे, झाशीजवळ जन्मलेले, काशीत वाढलेले, तेव्हा जेमतेम विशीतले कोकणस्थ शास्त्री. विषय ख्रिस्ती मताचे खंडन. गंमत अशी, की हे खंडन लिहून चार वर्षेही उलटली नाहीत तोच, १४ मार्च १८४८ रोजी, खुद्द ग्रंथकर्त्यांनी जौनपूरला बाप्तिस्मा घेतला आणि नीलकंठशास्त्र्यांचे नेहेम्या गोरे झाले. शिंद्यांच्या नावाची संस्था, कात्र्यांचे संपादन, गोऱ्यांची लेखणी. महाकालाच्या नगरीत छापला गेलेला हा सगळा मराठी मामला आहे, आणि त्याच्या मुळाशी प्रश्न आहे तो ईश्वर कसा असतो याचा. ख्रिस्ती लोकांच्या देवाचे नाव आणि स्वरूप यांविषयी मराठी वाचकासाठी लिहायला बसल्यावर दुसरीकडून सुरुवात करावी असे मला वाटले नाही.

वादाची ठिणगी टाकली ती कंपनी सरकारातल्या एका मुलकी अधिकाऱ्याने. जॉन म्यूर हा स्कॉटिश गृहस्थ संस्कृतचा जाणकार होता. १८३९ साली त्याने ‘मतपरीक्षा’ नावाची श्लोकबद्ध पुस्तिका काढली. गुरू-शिष्यांचा संवाद आणि त्यातून खरा धर्म ओळखायच्या कसोट्या: संस्थापकाच्या अंगी चमत्काराचे सामर्थ्य हवे, ग्रंथ पवित्र हवा, आणि तो सगळ्या माणसांसाठी हवा. पंडितांच्या भाषेत पंडितांना दिलेले हे आव्हान होते. त्याला उत्तरेही संस्कृतातच आली. त्यांतले एक आले उज्जैनच्या शेजारून, सीहोरहून.

हे उत्तर ‘मतपरीक्षाशिक्षा’ या नावाने, ‘सोमनाथ’ अशी सही करून लिहिलेले आहे. रिचर्ड फॉक्स यंग या अभ्यासकाने १९८१ च्या आपल्या ग्रंथात हा सोमनाथ म्हणजे सुबाजी बापू असे ओळखले. सुबाजी बापू मराठी ज्योतिषी. भोपाळचा पोलिटिकल एजंट लॅन्सलॉट विल्किन्सन याने सीहोरच्या पाठशाळेत सिद्धान्त-ज्योतिष शिकवायला सुरुवात केली, त्या उद्योगातले ते मुख्य मनुष्य. १८३६ साली त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ हे मराठी पुस्तक लिहून भास्कराचार्यांपासून कोपर्निकसपर्यंतची वाट मराठी वाचकाला दाखवली होती. पृथ्वी फिरते हे पटवून घ्यायला ज्याला अडचण वाटली नाही, तो माणूस धर्माच्या बाबतीत मात्र शांतपणे म्हणाला, की ज्याने त्याने आपल्या जन्माच्या मार्गाने जावे. मार्गांची विविधता ईश्वरानेच ठेवलेली आहे, तेव्हा दुसऱ्याच्या धर्माला दूषण देणे बरे नव्हे.

हे ऐकायला आपल्याला बरे वाटते. ‘नावे वेगळी, देव एकच’ हे वाक्य आपल्याकडे कुठल्याही सर्वधर्मसभेत टाळ्या घेऊन जाते. पण त्या वाक्यापाशी संभाषण संपते, ही त्याची अडचण. समोरचा माणूस आपल्या देवाविषयी नेमके काय म्हणतो आहे ते ऐकायची गरजच मग उरत नाही. मला गोऱ्यांचा ग्रंथ जास्त आदराचा वाटतो तो याच कारणासाठी. त्यांनी पाहुण्याला चहा पाजून वाटेला लावले नाही. त्याचे म्हणणे घटकाभर खरे धरले आणि मग त्याची झडती घेतली.

झडती अशी. तुमचा देव सर्वज्ञ, सर्वसमर्थ आणि दयाळू. त्याने जीव शून्यातून निर्माण केले, आणि पूर्वजन्म तर तुम्ही मानत नाही. मग जन्मजात दुःख भोगणाऱ्या मुलाने काय केले होते? माणसाचे सोडा, पशू का तळमळतात? त्यांना तर पापही नाही आणि तुमच्या मते मोक्षही नाही. माणूस घसरणार हे ठाऊक असून त्याला घसरेल असाच का घडवला? आणि चार दिवसांच्या आयुष्यातल्या मोजक्या पापांना न संपणारा नरक, हा कुठला न्याय? आपल्याकडे कर्माचा हिशेब असतो. जमाखर्च कधी आपल्या समजुतीपलीकडे जातो, पण तो ज्याच्या त्याच्या नावावर असतो, देवावर बालंट येत नाही. कर्म काढून टाकले, की सगळी जबाबदारी निर्मात्याच्या माथी येते.

ख्रिस्ती ईश्वरकल्पनेचा गाभा या प्रश्नांतून जितका उघडा होतो, तितका कुठल्याही धर्मशिक्षणाच्या पुस्तकातून होत नाही. हा देव म्हणजे सृष्टीच्या मुळाशी असलेले निर्विकार तत्त्व नव्हे. त्याला इच्छा आहे, त्याने जग करायचे ठरवले म्हणून ते झाले. न करता तरी त्याचे काही उणे होत नव्हते. तो वचन देतो, रागावतो, माफ करतो. निर्गुण ब्रह्माला कोणी जाब विचारत नाही, ज्याला इच्छा आहे त्याला विचारता येतो. बायबलमध्ये खुद्द अब्राहाम, ईयोब आणि स्तोत्रकर्ते तो विचारतात, आणि त्यात कोणाला पाखंड वाटत नाही.

आता नावाकडे येऊ, कारण या परंपरेत नाव आणि स्वरूप हे दोन वेगळे विषय नाहीत.

उज्जैनमध्ये राहणाऱ्याला देवाच्या नावांचे नवल नाही. इथे चौऱ्याऐंशी महादेव आहेत. स्कंदपुराणाच्या अवंतीखंडात त्या प्रत्येक लिंगाची कथा आहे, आणि अधिकमासात त्यांची यात्रा करणारी मंडळी आजही गल्लीबोळांतून हिंडतात. अगस्त्येश्वर झाला की पुढचा, मग पुढचा, कुठे कुटुंबेश्वर. कोणी कुठे तप केले, कोणाला काय मिळाले, त्यावरून नाव पडले. शिवाय सहस्रनामे आहेतच. देव अनंत, म्हणून नावेही कितीही घेतली तरी कमीच, हा आपला हिशेब. त्यात ज्ञानेश्वर-नामदेवांपासून नामस्मरण म्हणजे सगळ्यांत सोपे साधन. जात, विद्या, सोवळे, कशाचीच अट नाही.

बायबलच्या निर्गम या पुस्तकात याच्या अगदी उलट प्रसंग आहे. मोशे मेंढरे चारत होरेब डोंगराशी येतो. झुडूप पेटले आहे पण जळत नाही. त्यातून आवाज येतो, की मिसरात गुलामीत असलेल्या माझ्या लोकांना सोडवून आण. मोशे विचारतो, लोक मला तुझे नाव विचारतील, काय सांगू? उत्तर मिळते ते असण्याच्या क्रियापदातून घडवलेले. मी जो आहे तो आहे, असेही ते लागते, मी जो असेन तो असेन, असेही. नाव सांगितले म्हणावे तर सांगितले, टाळले म्हणावे तर टाळले. त्याच क्रियापदाशी नाते दाखवणारे चार व्यंजनांचे नाव यहुदी लोकांनी इतके जपले, की पुढे ते उच्चारणेच सोडले. मिश्ना या जुन्या यहुदी ग्रंथाच्या सांगण्याप्रमाणे यरुशलेमचे मंदिर उभे होते तेव्हा प्रायश्चित्ताच्या दिवशी, वर्षातून एकदा, प्रमुख याजक ते उच्चारी. मंदिर इसवी सन ७० मध्ये रोमनांनी पाडले. वाचताना ती चार अक्षरे आली की यहुदी वाचक ‘अदोनाय’, म्हणजे माझा प्रभू, असे म्हणतात. ग्रीक भाषांतरात त्या जागी ‘कुरिओस’, प्रभू, हा शब्द रूढ झाला. पुढे हिब्रू पाठाला स्वरचिन्हे लावताना लेखकांनी त्या चार व्यंजनांवर बहुधा अदोनायची चिन्हे ठेवली, म्हणजे वाचकाने चूक करू नये. युरोपातल्या ख्रिस्ती वाचकांनी हे दोन्ही जोडून वाचले आणि ‘यहोवा’ हे रूप जन्माला आले. एवढे मोठे नाव, आणि त्याचा प्रचलित उच्चार खुणेच्या चिठ्ठीवरून तयार झालेला! आज बहुतेक अभ्यासक ‘याहवे’ या उच्चाराकडे झुकतात. पण २००८ साली व्हॅटिकनने कॅथलिक उपासनेत तो उच्चार करू नये, प्राचीन प्रथेप्रमाणे ‘प्रभू’ म्हणावे, असे कळवले.

मात्र उच्चाराच्या या इतिहासात अडकून पडले तर मुख्य गोष्ट निसटते. निर्गमाच्याच पुढच्या भागात मोशे म्हणतो, मला तुझे तेज पाहू दे. देव म्हणतो, चेहरा पाहता येणार नाही, पण मी तुझ्यासमोरून जाईन आणि माझे नाव घोषित करीन. नंतर जी घोषणा होते ती गुणांची: दयाळू, कृपाळू, मंदक्रोध, हजारो पिढ्यांवर प्रेम करणारा, अपराध माफ करणारा, आणि लगेच त्याच दमात, दोषीला मोकळे न सोडणारा, वाडवडिलांच्या अपराधाचा जाब तिसऱ्या-चौथ्या पिढीलाही विचारणारा. म्हणजे नाव ही इथे हाक मारायची सोय नसून आपण कसे वागू याची देवाने दिलेली हमी आहे. आणि त्या हमीतच दया आणि दंड यांचा ताण उघड मांडून ठेवला आहे. नीलकंठशास्त्र्यांनी नेमके बोट ठेवले ते याच ठिकाणी.

ख्रिस्ती उत्तर असे, की हा ताण देवाने स्वतःवर घेऊन सोडवला. येशू या माणसात देव स्वतः आला आणि दोषीचा दंड त्याने क्रुसावर सोसला. पौलाच्या पत्रांत, ख्रिस्ती लेखनाच्या अगदी पहिल्या थरात, जे ‘प्रभू’ हे संबोधन त्या अनुच्चारित नावाच्या जागी वापरले जात होते तेच येशूला लावलेले दिसते. एकेश्वरी यहुदी माणसांनी हे केले, यातले धाडस आपल्या सहज लक्षात येत नाही. आपल्याला अवताराची सवय आहे. तिथे मात्र यातून तीनशे वर्षांचे भांडण उभे राहिले.

अलेक्झांड्रियाचा एरियस म्हणाला, पुत्र थोर खराच, पण तो निर्माण केलेला आहे, पित्याच्या बरोबरीचा नाही. कॉन्स्टन्टाईन बादशहाने ३२५ साली नायसिया येथे, आजच्या तुर्कस्तानातल्या इझ्निकला, बिशपांची परिषद भरवली. तिथे ठरले, की पुत्र आणि पिता यांचे सत्त्व एकच. यासाठी वापरलेला शब्द बायबलमध्ये नाही, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि आजही घेतात. ३८१ च्या कॉन्स्टन्टिनोपलच्या परिषदेने पवित्र आत्म्याविषयीची वाक्ये पक्की केली. एक देव, तीन व्यक्ती: पिता, पुत्र, पवित्र आत्मा. यालाच त्रैक्य म्हणतात.

इथे मराठी वाचकाचा हात आपसूक दत्ताकडे जातो. तीन शिरे, एक मूर्ती, झाले! दुसऱ्या क्षणी ब्रह्मा-विष्णू-महेश आठवतात. दोन्हींनी दिशाभूल होते. ब्रह्मा-विष्णू-महेशांत कामाची वाटणी आहे. एकाने घडवायचे, एकाने सांभाळायचे, एकाने संहारायचे. ख्रिस्ती मतात घडवणे, तारणे, पावन करणे ही तिघांची मिळून कामे आहेत. उलट, एकच देव प्रसंगानुसार तीन रूपे घेतो, हे म्हणणे तिसऱ्या शतकात सॅबेलियसच्या नावाने ओळखले गेले आणि चर्चने ते फेटाळले. मग उरते काय? उरते हे, की देवाच्या ठायी मुळातच नाते आहे. जग नव्हते, माणूस नव्हता, तेव्हाही पिता पुत्रावर प्रेम करीत होता. प्रेमाला दुसरा लागतो, आणि तो दुसरा बाहेरून आणावा लागला नाही. ऑगस्टीनने हेच प्रेम करणारा, ज्यावर प्रेम आहे तो, आणि प्रेम, असे मांडून पाहिले, आणि तेही अपुरे आहे हे स्वतःच सांगितले. मला त्रैक्याच्या सिद्धांतात हीच एक जागा खरोखर विचारात पाडते. बाकीची गणिते मी परिषदांवर सोपवतो.

हिंदुस्थानात या सिद्धांताला आपली वस्त्रे चढवायचे प्रयत्न झाले. केशवचंद्र सेनांनी १८८२ च्या व्याख्यानात सच्चिदानंदाशी त्याचे नाते जोडले. ब्रह्मबांधव उपाध्यायांनी कॅथलिक झाल्यावर त्याच कल्पनेवर संस्कृत स्तोत्र रचले. नेहेम्या गोरे या वाटेने गेले नाहीत. १८६० च्या ‘षड्दर्शनदर्पण’ या हिंदी ग्रंथात त्यांनी मोहरा फिरवला आणि पूर्वी ज्या तलवारीने ख्रिस्ती देवावर वार केले होते तिनेच दर्शनांवर केले. निर्गुणाला प्रेम कसे असेल, आणि जीवच ब्रह्म असेल तर पापी कोण आणि क्षमा कोणाला, असा त्यांचा सूर. म्हातारपणी ते पुण्याच्या पंचहौद मिशनच्या मंडळींत वावरत, आणि शंकांनी त्यांचा पिच्छा अखेरपर्यंत सोडला नाही. शाश्वत दंडाचा काटा विशेष. १८९५ साली मुंबईत त्यांचे निधन झाले. (पंचहौद म्हटले की मराठी माणसाला १८९० चे चहा-ग्रामण्यच आठवते. टिळक-रानडे तिथे चहा प्यायले की नाही यावर पुण्याने जेवढी शाई खर्च केली, तेवढी गोऱ्यांच्या प्रश्नांवर केली नाही.)

पंडिता रमाबाईंना ख्रिस्ती धर्माकडे वळवण्यात गोऱ्यांच्या पत्रांचा हात होता हे रमाबाईंनीच सांगितले आहे. पण १८८३ मध्ये इंग्लंडातल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावरही त्रैक्य त्यांच्या गळी उतरेना. डोरोथिया बील आणि सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार उपलब्ध आहे. परिषदेने ठरवले म्हणून मानायचे का, ग्रंथात कुठे आहे ते दाखवा, असा त्यातला त्यांचा पवित्रा. घरी आईकडून संस्कृत शिकलेल्या बाईला विलायतेतल्या विदुषी गप्प बसवू शकल्या नाहीत. पुढे त्याच रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला अख्खे बायबल मराठीत आणले. ते मुक्तिसदनातल्या बायकांनी छापले आणि १९२४ साली, रमाबाई गेल्यावर दोन वर्षांनी, पुरे बाहेर पडले.

याहून जुना मराठी ठेवा गोव्याकडचा. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडचा जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१६ साली त्याचे ‘क्रिस्तपुराण’ रायतूरला छापले गेले. ओव्या जवळपास अकरा हजार. आपल्या ग्रंथांच्या रीतीने आरंभी नमन आहे, आणि ते नमन देवबापाला आहे, मग पुत्राला, मग पवित्र आत्म्याला. नायसियाचा निवाडा ओवीत बसतो हे त्याने दाखवून दिले. नारायण वामन टिळकांनी १८९५ नंतर तेच अभंगांतून केले, पण त्यांना परिषदांपेक्षा वारकऱ्यांची संगत जास्त मानवली. गोऱ्यांचा युक्तिवाद आणि टिळकांची भक्ती, दोन्ही एकाच घरात नांदतात. प्रस्तुत पुस्तकात गोऱ्यांना जास्त पाने दिली आहेत, आणि टिळकांच्या चाहत्यांनी त्याबद्दल रागावू नये.

उज्जैनमधला आजचा ख्रिस्ती समाज या मराठी कथेतून आलेला नाही. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने १८७७ पासून इंदूर धरून माळव्यात ठाणी घातली, त्यांत उज्जैनही आले. कॅथलिकांची इथली व्यवस्था केरळच्या सिरो-मलबार चर्चकडे १९६८ साली सोपवली गेली आणि १९७७ मध्ये उज्जैन स्वतंत्र धर्मप्रांत झाला. हे संत थॉमसची परंपरा सांगणारे लोक, त्यांचा वारसा सिरियाक भाषेचा. येशूच्या बोलीच्या जवळच्या त्या भाषेत देव म्हणजे ‘अलाहा’. शहरातल्या त्यांच्या गुरुकुलाचे नाव ‘रूहालय’: पुढे सिरियाक आत्मा, मागे संस्कृत घर. सिरियाकमध्ये हा आत्मा व्याकरणाने स्त्रीलिंगी, आणि चौथ्या शतकातल्या अफ्रहाटासारख्या लेखकाने त्याच्याविषयी आईच्या शब्दांत लिहिले आहे. ‘विठाई माउली’ म्हणणाऱ्यांना हे प्रकरण ओळखीचे वाटेल.

ज्यांना नायसियाचा निवाडाच मान्य नाही अशा दोन पंथांनाही या पुस्तकात जागा दिली आहे. यहोवाचे साक्षीदार हे नाव १९३१ साली घेतलेल्या पंथाला त्रैक्य मान्य नाही, आणि देवाचे नाव लपवणे हाच त्यांच्या लेखी चर्चचा मोठा अपराध. त्या नावाशिवाय कोणाचीही स्तुती गायची नाही, म्हणून केरळमधली त्यांची तीन शाळकरी भावंडे राष्ट्रगीताला आदराने उभी राहिली पण गायली नाहीत. शाळेने काढून टाकले, आणि १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. दुसरा पंथ ‘केवळ येशू’वाल्या पेंटेकोस्टल मंडळींचा. पिता, पुत्र, आत्मा ही एकाच येशूची बिरुदे, असे मानून ते फक्त येशूच्या नावाने बाप्तिस्मा देतात. सॅबेलियस मेला असे समजू नये.

लेखनाविषयी थोडे. चार अक्षरी नाव जिथे टाळता आले नाही तिथे ‘याहवे’ असे लिहिले आहे, साक्षीदारांच्या संदर्भात त्यांचे स्वतःचे रूप ठेवले आहे, आणि इतरत्र मराठी बायबलच्या वहिवाटीप्रमाणे ‘परमेश्वर’. वाचकाने पहिल्या प्रकरणाआधी निर्गमाचा तिसरा आणि चौतिसावा हे अध्याय वाचून घ्यावेत. दोन्ही मिळून अर्ध्या तासाचेही वाचन नाही, आणि पुढच्या वादातला प्रत्येक जण कुठल्या ओळीवर उभा राहून बोलतो आहे ते त्यावरून कळेल.